रफू नको, ठिगळ हवे

जुन्या घरातली एखादी वस्तू निकामी झाली तर तिच्या जागी जुन्यासारखी दिसणारी नवी वस्तू आणून बसवावी, ही समजूत आज इतकी रूढ झाली आहे की ती सुसंस्कृत अभिरुचीचे लक्षण मानली जाते. आम्हांला ही समजूत अमान्य आहे. तिच्यामुळे जुन्या वस्तूंचे जेवढे नुकसान होते तेवढे उघडउघड मोडतोड करणाऱ्यांकडूनही होत नसावे, असे आमचे मत आहे. कारण मोडतोड निदान दिसते आणि तिला विरोध करता येतो. हे मत मांडण्यासाठी आम्ही जाणूनबुजून एक अत्यंत अकाव्यात्म उदाहरण निवडले आहे: बिडाचा रेडिएटर.

साहित्याच्या अभ्यासकांसमोर रेडिएटरची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. पाठचिकित्सा, भाषांतर, जुन्या नाटकांचे पुनरुज्जीवन, अभिजात ग्रंथांच्या नव्या आवृत्त्या ह्या सर्व व्यवहारांत शेवटी एकच प्रश्न असतो: गळालेल्या जागी काय घालावे? तिथे ह्या प्रश्नाची चर्चा करताना आपण चटकन 'आत्मा', 'परंपरा', 'संवेदनशीलता' अशा शब्दांच्या आश्रयाला जातो. रेडिएटरच्या बाबतीत ती सोय नाही. चुकीचा रेडिएटर बसवला तर खोली थंड राहते, आणि थंडीशी वाद घालता येत नाही.

मराठी वाचकाच्या घरात ही वस्तू नसते, म्हणून थोडे वर्णन आवश्यक आहे. बीड म्हणजे ओतीव लोखंड. ज्याचा तवा आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चुलीवर चढत आला तोच हा धातू. तो सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. उत्तर अमेरिकेच्या आणि युरोपच्या थंड प्रदेशांतल्या जुन्या घरांत तळघरात एक बॉयलर असतो. त्यातले तापलेले पाणी किंवा वाफ नळांवाटे खोल्याखोल्यांत नेली जाते, आणि तिथे बहुधा खिडकीखाली उभ्या असलेल्या बिडाच्या एका पोकळ सांगाड्यात शिरते. हा सांगाडा संत्र्याच्या फाकांसारख्या, एकीला एक लागून असलेल्या भागांचा बनलेला असतो. खोली मोठी असेल तर फाका जास्त, लहान असेल तर कमी. खिडकीच्या काचेवरून गार हवा खाली उतरते, तिला तिथेच गाठावे म्हणून त्याची जागा खिडकीखाली. बॉयलर थांबल्यावरही बीड बराच वेळ ऊब देत राहते, आणि ज्यांनी अशा खोलीत हिवाळा काढला आहे त्यांना पातळ पत्र्याच्या रेडिएटरची ऊब उपरी वाटते.

ह्या वस्तूच्या शोधाचे श्रेय सामान्यतः फ्रान्झ सान-गाल्ली ह्या प्रशियात जन्मलेल्या उद्योजकाला दिले जाते. १८५५ ते १८५७ ह्या काळात सेंट पीटर्सबर्ग इथे त्याने ती घडवली. तिचा प्रसार मात्र अमेरिकेने केला. डेट्रॉइट आणि बफेलो इथल्या तीन कंपन्या १८९२ मध्ये एकत्र येऊन अमेरिकन रेडिएटर कंपनी निघाली आणि बिडाचे रेडिएटर कारखान्यांतून अक्षरशः ढिगांनी बाहेर पडू लागले. ह्या धंद्याचा तोरा पाहायचा असेल तर न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कसमोरची १९२४ सालची अमेरिकन रेडिएटर बिल्डिंग पाहावी. काळ्या विटांची आणि सोनेरी माथ्याची ही इमारत वास्तुकार रेमंड हूड ह्याच्या नावाशी जोडलेली आहे, आणि जॉर्जिया ओकीफ ह्या चित्रकर्तीने १९२७ मध्ये तिचे रात्रीचे चित्र रंगवले. आज त्या इमारतीत हॉटेल आहे.

आता एका विसंगतीकडे लक्ष वेधतो. ज्या नक्षीदार रेडिएटरांसाठी आजचे हौशी लोक जीव टाकतात, त्यांच्या अंगावरची वेलबुट्टी मुळात छापील होती. लाकडी साच्यावर एकदा कोरलेले फूल वाळूत हजार वेळा उमटवायचे आणि त्यात वितळलेले लोखंड ओतायचे, अशी ती कला. अमेरिकन रेडिएटर कंपनीच्या एका प्रसिद्ध नमुन्याचे नावच 'रोकोको' होते; म्हणजे अठराव्या शतकातल्या फ्रेंच दरबारी शैलीचे नाव, शिकागो-डेट्रॉइटच्या मध्यमवर्गीय घरांसाठी. जॉन रस्किनने १८४९ मध्ये 'द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर' ह्या ग्रंथात जुन्या इमारतींच्या तथाकथित पुनरुद्धारावर जितका कडाडून हल्ला केला, तितकाच ओतीव लोखंडाच्या नक्षीवरही केला. यंत्राने केलेले काम हाताचे आहे असे भासवणे हे त्याच्या मते असत्य होते. म्हणजे ज्या रस्किनचे नाव घेऊन वारसाप्रेमी मंडळी जुन्या वस्तूंची बाजू मांडतात, त्या रस्किनला हा रेडिएटर घरात चालला नसता. तेव्हा आज जो 'व्हिक्टोरियन शैलीतला' नवा रेडिएटर विकला जातो तो नकलेची नक्कल असतो, आणि तो 'अस्सल' म्हणून विकत घेणे ह्यात दुहेरी भाबडेपणा आहे.

मग जुन्या रेडिएटरात जपण्यासारखे काय आहे? आमचे उत्तर असे की त्यात एक हिशेब आहे. हे विधान जरा विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण सगळा वाद इथेच आहे.

आम्ही राहतो ते मॅसॅच्युसेट्समधले घर १९१४ साली बांधलेले आहे. त्यातला एक रेडिएटर आधीच्या मालकांच्या काळात आतले पाणी गोठून तडकला होता, आणि त्याच्या जागी दुसरा शोधणे आमच्याकडे आले. ह्या शोधात आम्हांला दोन प्रकारचे सल्लागार भेटले. पहिला म्हणाला, सगळेच उपटून टाका, नळही काढा, भिंतीतून गरम हवा सोडू. दुसऱ्याने आमच्यापुढे नव्या नक्षीदार रेडिएटरांची चित्रे मांडली आणि रंग कोणता हवा ते विचारले. तळघरात उतरून बॉयलर कसला आहे हे दोघांपैकी एकानेही पाहिले नाही. एकाला घराचा भूतकाळ अडगळ वाटत होता आणि दुसऱ्याला सजावट; पण घर ही चालती व्यवस्था आहे आणि रेडिएटर हा तिचा एक अवयव आहे, ही जाणीव दोघांनाही नव्हती.

वस्तुतः विचारायला हवे होते ते प्रश्न असे. पहिला, घरात पाणी फिरते की वाफ? वाफेसाठी केलेल्या कित्येक जुन्या रेडिएटरांच्या फाका फक्त खालच्या बाजूने जोडलेल्या असतात. पाण्यासाठी केलेल्यांच्या वर आणि खाली अशा दोन्ही ठिकाणी. खालूनच जोडलेला रेडिएटर पाण्याच्या व्यवस्थेत बसवला तर वरच्या भागात हवा कोंडून राहते आणि अर्धा सांगाडा गारच राहतो. बाहेरून दोघे जुळ्या भावांसारखे दिसतात. दुसरा प्रश्न, नळ एक आहे की दोन? एकच नळ असेल तर वाफ ज्या वाटेने वर येते त्याच वाटेने तिचे पाणी परत जाते, म्हणून रेडिएटरला झडपेच्या बाजूला किंचित उतार द्यावा लागतो. उतार चुकला की पाणी साचते आणि वाफ त्यावर आदळून नळात हातोडे मारल्यासारखा आवाज येतो. तिसरा, रेडिएटरचा एकूण पृष्ठभाग किती? वाफेच्या रेडिएटरचा एक चौरस फूट ताशी २४० बीटीयू उष्णता देतो असे धरतात, आणि १७० अंश फॅरनहाइट तापलेल्या पाण्याच्या रेडिएटरचा सुमारे १५०. खोलीला किती उष्णता लागते हे मोजून ह्या आकड्याने भागले म्हणजे किती पृष्ठभाग हवा ते कळते. चौथा, जमिनीतून वर आलेल्या नळाचे अंतर नव्या रेडिएटरच्या तोंडाशी जुळते का, आणि झडपेचा आटा त्याच्या आट्यात बसतो का? जुन्या काळी प्रत्येक कारखानदाराचे जोड वेगळे असत, आणि एकाची झडप दुसऱ्याच्या जोडावर घट्ट बसत नाही.

ही यादी रूक्ष आहे. पण ज्याला आपण वृत्त म्हणतो तेही रूक्षच असते. ओवीतला एक चरण गळाला असेल तर त्या जागी कोणताही 'जुना वाटणारा' शब्द घालून चालत नाही. यमक, अन्वय, पुढच्या-मागच्या चरणांचा भार हे सगळे जुळावे लागते. 'जी', 'गा', 'तंव' अशी चार अव्यये पेरली की ज्ञानेश्वरांची भाषा होत नाही, हे मराठीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगावे लागत नाही. तरी घराच्या बाबतीत आपण नेमके तेच करतो. चार वेलबुट्ट्या पेरल्या की १९१४ साल अवतरले, असे समजतो.

पुनरुद्धाराची अधिकृत भाषाही ह्या दोषातून सुटलेली नाही. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये इंग्लंडात प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली ती पुनरुद्धाराच्या नावाखाली चाललेल्या नासाडीविरुद्ध. तिचा आग्रह नित्य डागडुजीवर होता, आणि तो आम्हांला शिरोधार्य आहे. अमेरिकेच्या अंतर्गत खात्याने १९७७ मध्ये ऐतिहासिक वास्तूंसाठी मानके घालून दिली. त्यांतही बदलण्यापेक्षा दुरुस्ती बरी, हे तत्त्व आहे. पण बदलणे अटळच असेल तर नवा भाग जुन्याशी कशात जुळावा, ह्याचे उत्तर रचना, रंग, पोत आणि शक्य तिथे द्रव्य असे आहे. ही डोळ्यांची यादी आहे. दर्शनी कोरीव कामाला ती पुरते. जी वस्तू पाहण्यासाठी नसून जगण्यासाठी आहे तिला ती पुरत नाही. ह्या यादीत उष्णता नाही. आणि ही मानके जिथे लागू नाहीत अशा हजारो साध्या घरांतही त्यांची भाषा जाहिरातींच्या वाटेने पोचली आहे.

डोळ्यांच्या यादीचा परिणाम काय होतो ते रंगाच्या उदाहरणावरून समजेल. रेडिएटरला चंदेरी किंवा सोनेरी धातुरंग देण्याची पद्धत फार जुनी आहे आणि पुष्कळांना तीच 'अस्सल' वाटते. परंतु धातूची पूड असलेला रंग रेडिएटरची उष्णता फेकण्याची शक्ती कमी करतो. अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सने हे १९३० च्या दशकातच लोकांना सांगितले होते. साधा तैलरंग, मग तो पांढरा असो वा काळा, असा तोटा करीत नाही. आणि खाली कितीही थर असले तरी महत्त्व सर्वांत वरच्या थराला असते. म्हणजे केवळ 'जुना दिसावा' म्हणून चंदेरी रंग देणारा गृहस्थ स्वतःची खोली स्वतःच्या पैशाने थंड करून घेतो. महाराष्ट्रातल्या काळ्या पाषाणाच्या देवळांवर तैलरंगाचे भडक थर चढवून त्याला जीर्णोद्धार म्हणणारे विश्वस्त आणि हा गृहस्थ ह्यांच्यात आम्हांला फार अंतर दिसत नाही. दोघांचीही भक्ती पृष्ठभागावर आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप व्यवहाराचा: जुने रेडिएटर मिळत नाहीत, मग नक्कल घेण्यावाचून गत्यंतर काय? हा आक्षेप खरा नाही. जुनी घरे रोज पाडली जात आहेत आणि त्यांचा माल विकणारी आवारे जवळपास प्रत्येक मोठ्या शहराच्या कडेला आहेत. तिथे रेडिएटर घेताना त्यात पाणी भरून, दाब देऊन, काही काळ तसाच ठेवून पाहावा. गोठून पडलेली चीर पुष्कळदा केसाएवढी बारीक असते आणि रंगाखाली दडते. १९७८ पूर्वीच्या अमेरिकन घरांतल्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून तो कोरडा घासू नये. आणि त्याही आधी, पूर्ण रेडिएटर बदलण्याची गरज आहे का ते पाहावे. चीर एकाच फाकेत असेल तर तेवढी फाक काढून त्याच नमुन्याची दुसरी घालता येते. इथे नमुना तोच लागतो, पण तो शोभेसाठी नव्हे. दोन फाकांना जोडणारे पोकळ जोड नेमक्या त्याच उंचीवर यावे लागतात म्हणून. तशी फाक न मिळाली तर खराब फाक काढून उरलेल्या जोडता येतात. रेडिएटर तेवढा आखूड होतो, आणि आखूड झालेला दिसतो. दिसू द्यावा.

दुसरा आक्षेप काळाचा: हवामान बदलत असताना ह्या जुनाट यंत्रांना कवटाळणे बेजबाबदारपणाचे नाही का? हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला गंभीर उत्तर हवे. वाफेच्या व्यवस्थेपुरता त्यात तथ्यांश आहे. वाफ व्हायला पाण्याला उकळावेच लागते. न्यूयॉर्क शहराने २०१९ मध्ये केलेल्या कायद्याने २०२४ पासून मोठ्या इमारतींच्या उत्सर्जनावर मर्यादा घातल्या आहेत, आणि तिथे वाफेचे काय करायचे हा प्रश्न खरा आहे. पण पाण्यावर चालणाऱ्या बिडाच्या रेडिएटरची गोष्ट उलट आहे. जुने रेडिएटर पुष्कळदा गरजेपेक्षा मोठे असतात; मोकळ्या हवेचा आग्रह असलेल्या त्या काळात, आणि विशेषतः १९१८ च्या इन्फ्लुएंझानंतर, खिडकी उघडी ठेवूनही खोली उबदार राहावी असा हिशेब करण्याची प्रथा होती. अशा घराच्या भिंती आणि खिडक्या आज नीट बंदिस्त केल्या तर तोच मोठा रेडिएटर कोमट पाण्यावरही खोली तापवू शकतो, आणि उष्णता-पंपाला कोमट पाणीच मानवते. उलट नव्या, सडपातळ, दिखाऊ रेडिएटराचा आकडा युरोपीय मानकानुसार खोलीपेक्षा ५० अंश सेल्सियसने गरम असलेल्या पाण्यासाठी दिलेला असतो. फरक ३० अंशांवर आला की त्याची उष्णता जवळजवळ निम्म्यावर येते. छपाईतला आकडा पाहून घेतलेली शोभेची वस्तू नव्या यंत्रासमोर तोकडी पडते, आणि अडगळ म्हणून हिणवलेले बीड उपयोगी पडते.

तिसरा आक्षेप असा की हा सगळा घरमालकांचा लाडिक प्रश्न आहे. तसे नाही. न्यूयॉर्कमध्ये १ ऑक्टोबर ते ३१ मे ह्या काळात, बाहेरचे तापमान ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेले तर दिवसा घरात किमान ६८ अंश म्हणजे २० सेल्सियस तापमान ठेवणे मालकावर बंधनकारक आहे, आणि रात्री बाहेर काहीही असो, आत किमान ६२. हा कायदा असावा लागतो ह्याचाच अर्थ असा की भाडेकरूंच्या वाट्याला थंडी येत असते. ज्या म्हातारीच्या खोलीतला रेडिएटर गार आहे तिला रोकोको आणि व्हिक्टोरियन ह्यांतला भेद नको असतो. तिला झडप बदलणारा माणूस हवा असतो. पण अभिरुचीचा बाजार जसजसा वाढतो तसतसे रेडिएटरकडे चित्र म्हणून पाहणारे वाढतात आणि त्याचा उतार, त्याचे जोड, त्याची झडप ओळखणारे हात कमी होतात. रूपाच्या पूजेत कामाचे ज्ञान मरते, आणि ते आधी गरिबाच्या घरात मरते. आमच्या मते खरी हानी ही आहे.

आपल्या भाषेत दुरुस्तीसाठी केवढे शब्द आहेत ते पाहा: डागडुजी, कल्हई, डाग देणे, सांधणे, पाट्याला टाकी लावणे. त्यांतले दोन इथे समोरासमोर ठेवू. रफू म्हणजे फाटलेले कळूच न देणारी शिवण. ठिगळ म्हणजे फाटले होते हे कबूल करणारी. रफूत कसब आहे, ते आम्ही नाकारत नाही. पण ज्या वस्तूच्या इतिहासावर उद्या कोणाला विसंबायचे आहे तिथे रफू ही फसवणूक ठरते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ ह्या प्रदीर्घ काळात सिद्ध केली. तीत ज्या पाठाविषयी संपादकांची पुरती खात्री नव्हती त्याखाली नागमोडी रेघ आहे. संहिता सलग वाचता येते, अर्थ खोळंबत नाही, आणि तरीही हे ठिगळ आहे हे वाचकापासून लपवलेले नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा पुढच्यांनी तीत आपल्या ओव्या घुसडू नयेत असा इशाराही दिला. कारण मूळच्यासारखी दिसणारी भर ही उघड चुकीपेक्षा घातक असते, हे त्यांना पाठशुद्धी करताना कळले असले पाहिजे.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. प्रथम दुरुस्ती. ती होत नसेल तर त्याच घराच्या व्यवस्थेला, नळाला, वाफेला वा पाण्याला आणि खोलीच्या गरजेला जुळणारा दुसऱ्या घरातला जुना रेडिएटर, मग त्याची नक्षी शेजारच्याशी जुळो वा न जुळो. तोही नसेल तर नवा, साधा, सरळ बिडाचा रेडिएटर, जो आपण आजचे आहोत हे लपवत नाही. जुन्याचे सोंग घेतलेली वस्तू ह्या यादीत बसत नाही. नक्षीदार रेडिएटरांच्या ओळीत एखादा साधा उभा राहिला तर पाहुणे विचारतील, हा वेगळा का? त्याचे खरे उत्तर देता येते: इथला एक फुटला होता. सोंगाडी रेडिएटरविषयी मात्र कोणी काही विचारणार नाही, आणि त्याच्या जागी काय होते, ते का गेले, हे त्या घराला पुन्हा कधी सांगता येणार नाही.